तेवीस अंशांचे जग आणि आमचा वैशाख : कॅमेरा-निर्मात्यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सर्व सभासद,
कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशन,
टोकियो.

महोदय,



महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यास परवापरवापर्यंत अहमदनगर म्हणत आणि सांप्रत सरकारदरबारी अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यात लग्नकार्ये, जत्रा, सभा आणि फावल्या वेळी माळरानावरील काळवीट यांची छायाचित्रे काढून चरितार्थ चालविणाऱ्या वर्गापैकी मी एक आहे. आपल्या सभासद कंपन्यांनी घडविलेली यंत्रे आमच्या गळ्यात असतात आणि त्या यंत्रांच्या कर्जाचे हप्ते आमच्या मानेवर असतात. तेव्हा या पत्राची भाषा आपणांस परकी असली तरी त्यातील मजकूर परका वाटू नये, अशी अपेक्षा आहे. ज्या कंपन्या आपल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका डझनावारी भाषांत छापतात, त्यांस एक मराठी दुभाषी शोधणे जड जाऊ नये.

विषय असा की, अलीकडच्या काही वर्षांत बाजारात आलेले नवे कॅमेरे आमच्या उन्हाळ्यात तापतात. तापले की प्रथम सेन्सरवरून उतरणाऱ्या चित्रात दोष दिसू लागतो, मग यंत्र आपण होऊन बंद पडते. आणि हे किती उष्म्यात व किती वेळाने घडेल, याचा खात्रीलायक तपशील गिऱ्हाइकास पैसे मोजण्यापूर्वी मिळत नाही.

प्रथम आपल्याच दप्तरातील एक कागद आपणांसमोर ठेवतो. बॅटरी किती छायाचित्रांस पुरते हे मोजण्यासाठी आपल्या संघटनेने एक प्रमाण ठरवून दिले आहे. दर तीस सेकंदांस एक चित्र घ्यावे, एकाआड एक चित्रास फ्लॅश उडवावा, दहा चित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करावा, आणि हे सारे २३ अंश सेल्सिअसच्या आसपास करावे, इतका बारीक तपशील त्यात नमूद आहे. हात थरथरला असता चित्र कितपत स्थिर राहते याचे मापनही आपण तितक्याच काटेकोरपणे बांधून दिले आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या जाहिरातींतील आकडे शेजारी ठेवून तोलण्याची सोय आम्हांस झाली ती या कष्टांमुळे, आणि त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु तेवीस अंश हा आकडा आमच्याकडे पौषातल्या सकाळी तासभर भेटतो आणि ऊन चढले की निघून जातो. वैशाखात तो भेटलाच तर पहाटे, म्हणजे लग्नघरी आचारी चुलाण पेटवीत असतो आणि छायाचित्रकार अद्याप अंथरुणात असतो, त्या वेळी.

९ जुलै २०२० रोजी कॅननने ईओएस आर५ हा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा आठ-के चित्रीकरणाच्या नवलाईबरोबर कंपनीने एक तक्ताही प्रसिद्ध केला. आणि तो केल्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत, कारण तेवढा प्रामाणिकपणाही या व्यवसायात सर्वांस सुचतो असे नाही. २३ अंशांत आठ-के चित्रीकरण सुमारे २० मिनिटे चालेल. त्यानंतर १० मिनिटे विसावा दिल्यास आणखी ३ मिनिटे आणि २० मिनिटे दिल्यास ८ मिनिटे मिळतील, असा तो हिशेब होता. जगभर ओरड झाली. ऑगस्ट संपण्यापूर्वी कंपनीने नवे फर्मवेअर काढले, आणि कॅमेऱ्यातील एक स्क्रूही न बदलता, तुकड्यातुकड्यांनी घेतलेल्या चित्रीकरणाचा एकूण वेळ वाढला. म्हणजे ज्या मर्यादेस गिऱ्हाइकांनी निसर्गनियम समजून मान तुकविली होती, तिचा काही अंश आज्ञावली लिहिणाऱ्याच्या सावधगिरीचा होता. त्या सुधारणेपुढेही ‘खोलीच्या तापमानात’ ही अट जोडलेली होतीच. कोणाची खोली, हा प्रश्न विचारण्याचा मोह मी आवरतो. एका कंपनीस वेगळे काढून बोल लावण्याचा माझा हेतू नाही. २०१६ साली सोनीच्या ए६३०० या छोटेखानी कॅमेऱ्याविषयी चार-के चित्रीकरणात हीच तक्रार झाली होती, आणि दोहोंच्या दरम्यान व नंतर ती अनेकांच्या वाट्यास आली आहे.

आता पुस्तिकेच्या अखेरच्या पानांकडे वळतो, जेथे यंत्राचे वजन व लांबीरुंदी दिलेली असते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत तेथे एक ओळ आढळते : कार्यकारी तापमान ० ते ४० अंश. ही ओळ वाचून भोळा गिऱ्हाईक असे समजतो की, चाळीस अंशांपर्यंत यंत्र जाहिरातीत सांगितलेले सर्व काम सांगितले तेवढा वेळ करील. वस्तुतः ती ओळ एक हकीगत सांगते आणि तेवीस अंशांचा तक्ता दुसरी. आणि दोहोंमधील सतरा अंशांच्या मोकळ्या जागेत आमचा फाल्गुन ते ज्येष्ठ हा सबंध हंगाम येतो. आमच्या देशाचे हवामान खाते मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार करू लागते ते कमाल तापमान ४० अंशांवर पोहोचल्यावर. म्हणजे खात्याची चिंता जेथे सुरू होते तेथे तुमची हमी संपते. खात्याचा पाराही पांढऱ्या रंगाच्या, झडपांतून वारा खेळणाऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. आमचा कॅमेरा काळा असतो आणि उन्हात असतो. लांब पल्ल्याच्या दुर्बिणी भिंगांस उन्हाने ताप होऊ नये म्हणून त्यांस पांढरा रंग देण्याची बुद्धी ज्या व्यवसायास कित्येक दशकांपूर्वी झाली, त्याने त्याच भिंगाच्या शेपटीस जोडावयाचे यंत्र मात्र डांबरासारखे काळे ठेवावे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा होतो त्याचे एक उदाहरण देतो. कॅमेरा कोणत्या कंपनीचा होता हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. राहुरी तालुक्यातील पत्र्याच्या छताचे मंगल कार्यालय, मुहूर्त दुपारी साडेबाराच्या पुढचा, आणि नवरदेवास मारुतीच्या दर्शनास नेऊन वाजतगाजत मांडवात आणीपर्यंत त्या मुहूर्तास यजमानांनी दिलेली नेहमीची ढील. मिरवणूक सगळी उन्हात टिपली गेली. माझा मदतनीस कॅमेऱ्यावर छत्री धरून उलट्या पावली चालत होता आणि मधूनमधून ओल्या पंच्याने यंत्राची पाठ पुशीत होता. अक्षता वाटून झाल्या, मामा नवरीच्या मागे उभे राहिले, अंतरपाट धरला गेला, भटजींनी पहिले मंगलाष्टक उचलले, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमापीचे इवलेसे चिन्ह लुकलुकू लागले. नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवर प्रथम तांबडे-निळे ठिपके उमटले, जणू कोणी तिच्यावर रांगोळी शिंपडली असावी. शेवटचे मंगलाष्टक चालू असताना पडदा काळा झाला. अंतरपाट दूर झाल्याचा आणि माळा पडल्याचा भाग त्या चित्रफितीत नाही. तो पुन्हा करून दाखवा असे नवरा-नवरीस सांगता येत नाही, आणि सांगितले तरी भटजी ऐकणार नाहीत. यजमानांनी उरलेली रक्कम रोखली, इसारही परत मागितला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. पुढे यंत्र दुरुस्ती केंद्राकडे धाडले. वातानुकूलित खोलीत त्याची तपासणी होऊन ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यानिशी ते परत आले. शेरा खरा होता. त्या खोलीत दोष नव्हताच.

आपल्या अभियंत्यांची बाजू आम्हांस समजत नाही असे नाही. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबेपर्यंत सेन्सर पडद्याआड विसावत असे. आताच्या बिनआरशाच्या यंत्रात डोळ्यास दिसणारे प्रत्येक दृश्य सेन्सरच पुरवितो, म्हणून तो सदासर्वदा जागा असतो. हाताचा कंप जिरविण्यासाठी त्यास चुंबकांच्या आधाराने तरंगता ठेवलेले असते, त्यामुळे त्याची उष्णता धातूच्या सांगाड्यात सहज उतरत नाही. धूळ व पाणी आत जाऊ नये म्हणून सांधे बंद केलेले असतात, त्यामुळे तापलेली हवा बाहेर पडत नाही. त्यात प्रक्रिया करणारी चिप आणि वेगवान कार्ड यांच्या उष्म्याची भर पडते. अशा वेळी यंत्र बंद पडते ते स्वतःस आणि धरणाऱ्याच्या हातास जपण्यासाठी, हेही आम्ही जाणतो. पंखा बसवून हा प्रश्न पुष्कळसा सोडविता येतो हे पॅनासॉनिकने २०१९ साली एस१एचमध्ये आणि कॅननने २०२२ साली आर५ सी या भावंडात दाखविले. फुजीफिल्मने त्याच वर्षी एक्स-एच२एसच्या पाठीस लावावयाचा पंखा वेगळा विकावयास काढला. ज्या यंत्रास उष्णतेचा उपद्रव आहे त्याच्या औषधाची किंमत गिऱ्हाइकाने निराळी मोजावी, या व्यवहाराविषयी मतभेद होऊ शकतील. पण औषध ठाऊक आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

बंद पडणाऱ्या यंत्राची तक्रार निदान मांडता येते. चालू राहून खोटे बोलणाऱ्या सेन्सरचे काय करावे? आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, भंडारदरा, पुरुषवाडी या परिसरात मेअखेरीपासून पावसाने जोर धरीपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. झाडेच्या झाडे एका लयीत उजळतात आणि विझतात. ते टिपावयाचे तर तिवईवर कॅमेरा ठेवून वीस-तीस सेकंदांची एकेक चित्रे सलग घेत राहावे लागते, आणि पुढे ती एकावर एक रचावी लागतात. दिवसभर मोटारीत भाजलेला कॅमेरा रात्री हे काम करू लागला म्हणजे सेन्सरचे काही कण प्रकाशावाचूनच पेटतात. अंधारात वाहणारा हा प्रवाह, ज्यास शास्त्रज्ञ ‘डार्क करंट’ म्हणतात, तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की सुमारे दुप्पट होतो; तेवीस अंशांवरून त्रेचाळीसपर्यंत गेले की ढोबळ हिशेबाने सहा ते दहा पट. काजव्याचा प्रकाश पिवळसर हिरवा. सेन्सरचा एखादा हिरवा कणही नेमक्या त्याच रंगाने, त्याच आकाराने, हिरड्याच्या फांदीवर बसलेला दिसतो. मोठे करून पाहावे तेव्हा उलगडा होतो : काजव्याच्या ठिपक्यास किंचित धूसर कडा असते आणि तो पुढच्या चित्रात जागा सोडतो, हा गृहस्थ चौकोनी असतो आणि रात्रभर हलत नाही. रात्री टिपलेल्या शेकडो चित्रांतून असे ठिपके वेचून काढणे, हा आमच्यापैकी अनेकांचा जूनमधील उद्योग होऊन बसला आहे. यावर यंत्रात उपाय असतो, नाही असे नाही; पण तीस सेकंदांच्या चित्रामागून तितकाच वेळ काळोखाचे चित्र घेऊन ते वजा करण्याच्या त्या उपायात अर्धी रात्र जाते, आणि काजवे त्यासाठी थांबत नाहीत. शेजारच्या पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे; अशा वेधशाळांतून सेन्सरला शून्याखाली कित्येक अंशांपर्यंत थंड करून मगच तारे मोजतात. तेवढा थाट आम्ही मागत नाही.

आम्हांस खरा विषाद वाटतो तो निराळ्याच कारणाने. आपल्या व्यवसायास उष्ण देशांची आठवण पूर्वी होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतील कारखानदार हिंदुस्थानासारख्या मुलखासाठी म्हणून सागवानी लाकडाचे, पितळी पट्ट्यांनी बांधलेले ‘ट्रॉपिकल’ कॅमेरे मुद्दाम करीत. सँडरसनचा त्या घाटाचा कॅमेरा आजही संग्राहक जिवापाड जपतात. फिल्मच्या काळात धुलाईचे रसायन २० अंशांस वापरावे असा दंडक असे, आणि आमच्याकडे नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम येई, फिल्मवरील थर मऊ पडून सुटू लागे. तेव्हा कोडॅकने डीके-१५ नावाचे रसायन उष्ण प्रदेशासाठी म्हणून सिद्ध केले, आणि किती उष्म्यात किती मिनिटे धुवावे याचे कोष्टक छापून दिले. ते कोष्टक म्हणजे एक प्रकारची कबुलीच होती : गिऱ्हाईक सगळीकडे एकाच हवेत राहत नाही. यंत्रे अधिक शहाणी झाली आणि कोष्टक मात्र नाहीसे झाले, हा क्रम उलटा वाटतो.

कबुली देण्याने कंपन्या बुडत नाहीत, याचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सोनीने तयार केलेल्या सीसीडी सेन्सरांत दोष असल्याचे उघड झाले. उष्ण व दमट हवेत त्यांच्या आतील जोडण्या सुटत आणि चित्र विस्कटे किंवा दिसेनासेच होई. ते सेन्सर सोनीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांत तर होतेच, शिवाय कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस अशा स्पर्धकांच्या यंत्रांतही होते. एकामागून एक कंपनीने निवेदन काढले, कोणत्या नमुन्यांत हा दोष संभवतो त्याची यादी दिली, आणि हमीची मुदत संपलेली असली तरी दुरुस्ती फुकट करून दिली. त्या वेळी उष्ण हवा हे गिऱ्हाइकाचे दुर्दैव मानले गेले नाही. आज त्याच हवेस ‘वापराची परिस्थिती’ असे भारदस्त नाव देऊन जबाबदारी आमच्या अंगावर ढकलण्यात येते.

तेव्हा आमच्या मागण्या ऐकाव्यात. मुख्य मागणी एकच, आणि ती आपल्या संघटनेच्या पूर्ण अखत्यारीतील आहे : चित्रीकरणाचा अखंड वेळ आणि थंड होण्यास लागणारा वेळ हे दोन्ही ४० अंशांत मोजण्याचे एक सामायिक प्रमाण ठरवावे, आणि त्याचा आकडा तेवीस अंशांच्या आकड्याशेजारी, तितक्याच मोठ्या टाइपात, पेटीवर व जाहिरातीत छापावा. तो आकडा लहान निघेल हे आम्हांस ठाऊक आहे. आठ-के तीन मिनिटे चालते असे कळले तर आम्ही त्या तीन मिनिटांत काय बसवावयाचे ते ठरवू, किंवा साध्या प्रतीवर काम भागवू, किंवा पंख्याचे यंत्र घेऊ. पण निर्णय आमचा असेल. उन्हातील मोजणीही त्यात घालावी, असे सुचवावेसे वाटते. पण सावलीपासून आरंभ झाला तरी आमची हरकत नाही.

दुसरी गोष्ट कोणत्याही खर्चाशिवाय उद्या करता येण्यासारखी आहे. यंत्राच्या आत तापमान मोजणारा घटक असतोच. काही कंपन्यांच्या छायाचित्रांच्या फाइलीत तो आकडा गुपचूप नोंदलेलाही सापडतो. जो आकडा यंत्रास ठाऊक आहे तो धन्यापासून लपवून, शेवटच्या घटकेस एक लुकलुकते चिन्ह दाखविण्यात काय स्वारस्य आहे? पडद्यावर अंश दाखवावेत, आणि अजून किती मिनिटे उरली तेही दाखवावे. पहिल्या मंगलाष्टकापूर्वी तेवढे कळले असते तर मी यंत्र बदलले असते. त्याचप्रमाणे, पेटलेले कण शोधून झाकण्याची पिक्सेल मॅपिंगची सोय काही कंपन्यांनी गिऱ्हाइकाच्या हाती दिली आहे. ती प्रत्येक कॅमेऱ्याच्या यादीत असावी, म्हणजे त्यासाठी सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्यास यंत्र पाठवून बिनकॅमेऱ्याचे बसावे लागणार नाही. दुरुस्ती केंद्रांनी उष्णतेच्या तक्रारीची तपासणी उष्णतेत करावी, हे तर सांगावयास नको होते, पण सांगावे लागते.

आमच्या देशात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून, म्हणजे वर उल्लेखिलेला आर५ जाहीर झाला त्याच महिन्यात, अमलात आला. सदोष मालाबद्दल निर्मात्याची जबाबदारी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही बाबी त्यात आहेत, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे फिर्याद करण्याची मुभाही आहे. या मार्गाने जाण्याची उत्सुकता आमच्यापैकी फारशा कोणास नाही. तारखा लग्नसराईतच पडतात. तरी कायदा आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

चाचणी कोठे घ्यावी असा प्रश्न पडल्यास आमच्या गावाचे नाव सुचवितो. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था येथेच आहे, आणि लष्करी वाहनांची परीक्षा तिच्या चाचणीमार्गांवर होते. खारे कर्जुन्याकडच्या के. के. रेंजवर रणगाडे वर्षानुवर्षे धूळ उडवीत आले आहेत. वाळवंटात चालावयाचे यंत्र थंड खोलीत पास करण्याची कल्पना त्या मंडळींस कधी सुचली नाही. आपले प्रदर्शन योकोहामास फेब्रुवारीच्या सुमारास भरते, हवा थंड असते, आणि सगळे कॅमेरे उत्तम चालतात. ते आटोपल्यावर दोन अभियंते इकडे धाडावेत. ३१ मेच्या अहिल्यादेवी जयंतीस जामखेड तालुक्यातील चौंडीस लाखोंचा समुदाय लोटतो. भर दुपारी उघड्या माळावर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार डोक्यावरचा रुमाल काढून कॅमेऱ्यावर टाकताना त्यांस दिसतील. नंतर कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटांच्या मागे एक सकाळ घालवावी, आणि रात्री अकोल्याकडे जाऊन काजवे पाहावेत. जेवणखाणाची व मुक्कामाची व्यवस्था आम्ही करू. यंत्रे मात्र दुकानातून विकत घेतलेली असावीत, प्रयोगशाळेतून निवडून आणलेली नसावीत.

उत्तर इंग्रजीत आले तरी चालेल. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसल्याने आम्हांस पत्रव्यवहारास भरपूर सवड असते. त्या अवधीत आल्यास उलटटपाली सविस्तर लिहिता येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक छायाचित्रकार
अहिल्यानगर